वऱ्हाडचे ऊन आणि मातीतील नायट्रेट

मे महिन्याच्या उत्तरार्धात अकोल्याहून दर्यापूरमार्गे अमरावतीकडे जाणाऱ्या प्रवाशास रस्त्याच्या दोन्ही अंगांस एकच देखावा दिसतो. पऱ्हाट्या उपटून झालेल्या आहेत, नांगरटी आटोपलेली आहे आणि काळी जमीन भेगा वासून उन्हात पडलेली आहे. अकोल्याच्या कमाल तापमानाची मे महिन्यातील सरासरी ४२ अंश सेल्सियसच्या आसपास असते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु हे तापमान सावलीत टांगलेल्या तापमापकाचे होय. उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. भर दुपारी तो ५५ ते ६० अंशांपर्यंत जातो. अनवाणी पायांनी वावर ओलांडणाऱ्या मजुरास हे सांगावयास तापमापकाची गरज नाही.

या उन्हाचा माणसावर, गुराढोरांवर आणि विहिरींच्या पातळीवर होणारा परिणाम आपण दरसाल चर्चेत घेतो. मातीच्या आत हे ऊन काय करते, याचा विचार मात्र कृषी महाविद्यालयाच्या वर्गाबाहेर क्वचितच होतो. वस्तुतः खरिपाच्या पिकास सुरुवातीस किती नत्र मिळणार आणि गावच्या विहिरीच्या पाण्यात पावसाळ्यानंतर कोणता दोष उतरणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी याच दोन-अडीच महिन्यांत ठरत असतात. म्हणून हा विषय शेतकऱ्याइतकाच ग्रामपंचायतीच्या सदस्यांचा आणि शिक्षकांचाही आहे.

नत्राची तीन रूपे

जमिनीतील बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थांत अडकलेले असते. कुजलेली पाने, मुळे, शेणखत यांत ते असते खरे, परंतु पिकाच्या मुळांना ते त्या रूपात उचलता येत नाही. सूक्ष्म जिवाणू हे पदार्थ फोडतात तेव्हा प्रथम अमोनिया तयार होतो. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि तिसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. कपाशी, ज्वारी, गहू ही पिके नत्र घेतात ते मुख्यतः या नायट्रेटच्या रूपाने.

अमोनिया आणि नायट्रेट यांच्या स्वभावात एक मोठा भेद आहे व पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युत्भार असतो. अमोनियाचा कण धनभारित असल्यामुळे माती त्याला धरून ठेवते. नायट्रेट ऋणभारित असल्यामुळे मातीचा त्यावर ताबा राहत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. आपली काळी माती चिकणतेबद्दल प्रसिद्ध असली तरी नायट्रेटच्या बाबतीत तिची ती चिकाटी उपयोगी पडत नाही.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक ढोबळ हिशेब मांडता येईल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन सुमारे २२ लाख किलो भरते. त्यात सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तर तो ११,००० किलो होतो व त्यासोबतचे नत्र साधारणपणे १,००० किलो. यातील शेकडा २ भाग जरी वर्षभरात मोकळे झाले तरी ते २० किलो नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यातही जवळपास तेवढेच नत्र असते. म्हणजे हेक्टरी एक पोते युरिया जमीन स्वतःच, कोणतेही अनुदान न घेता, दरवर्षी तयार करते. ते केव्हा तयार होते आणि त्या वेळी शेतात ते घेणारे कोणी असते काय, हा खरा प्रश्न आहे.

उष्णतेची मोजपट्टी

नायट्रेट बनणे ही निव्वळ रासायनिक क्रिया नसून जिवंत प्राण्यांचे काम आहे, हे श्लोझिंग आणि म्युंत्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवून दिले. वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून त्यांनी गटाराचे पाणी हळूहळू झिरपविले. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बनणे थांबले. क्लोरोफॉर्मने बेशुद्ध होते ते सजीवच असले पाहिजे, हा त्यांचा तर्क होता. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले.

याच फ्रेंच जोडीने उष्णतेचा परिणामही मोजला होता. ५ अंशांच्या खाली ही क्रिया जवळजवळ थांबते, १२ अंशांस ती जाणवू लागते, ३७ अंशांच्या सुमारास तिचा वेग सर्वाधिक होतो आणि ५५ अंशांस ती बंद पडते, असे त्यांना आढळले. नंतरच्या संशोधनाने या आकड्यांत थोडीफार दुरुस्ती केली. बहुतेक जमिनींत २५ ते ३५ अंश हा पट्टा सर्वांत अनुकूल समजला जातो आणि उष्ण प्रदेशांतील जिवाणू थंड प्रदेशांतल्यापेक्षा अधिक ऊन सोसतात. मधल्या टप्प्यात दर १० अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो, हा ठोकताळाही उपयोगी आहे. एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात ठेवावयास हवी. सेंद्रिय पदार्थ फोडून अमोनिया तयार करणारे जिवाणू बहुविध असून त्यांतील कित्येक ५० अंशांच्या वरही काम करतात. नायट्रेट बनविणारे थोडे आणि नाजूक आहेत. त्यामुळे अति उष्णतेत साखळीची पहिली कडी चालू राहते आणि शेवटची तुटते.

ही मोजपट्टी वऱ्हाडच्या वर्षावर ठेवून पाहिली म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीची हवा १०-१२ अंशांपर्यंत उतरते. परंतु वीतभर खोलीवर माती तेवढी थंड होत नाही, त्यामुळे क्रिया मंदावते, थांबत नाही. युरोपात हिवाळ्यात जमीन गोठते व नायट्रेट बनणे महिनोन्महिने बंद राहते. ती विश्रांती आपल्या जमिनीस नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये उष्णता अगदी अनुकूल असते, पण तोपर्यंत ओल संपत आलेली असते. एप्रिल-मेमध्ये वरचा थर जिवाणूंना असह्य होतो व कोरडाही पडतो. मात्र खालच्या, किंचित ओलसर थरात काम रेंगाळत चालू असते. वाफ होऊन वर जाणाऱ्या ओलीबरोबर तेथील नायट्रेटही वर सरकते व पृष्ठभागाजवळ साचते. उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या काही सेंटीमीटर मातीत नायट्रेट आणि अमोनिया दोन्ही जमा झालेले असतात. शिवाय उन्हाने मेलेल्या असंख्य जिवाणूंचे अवशेषही तेथेच असतात.

पहिला पाऊस

दर्यापूर तालुक्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याने काही वर्षांपूर्वी मला सांगितले होते, ‘‘साहेब, पयल्या पान्यानं वावर जागं होते.’’ मी कला शाखेचा पदवीधर. मला ते काव्य वाटले. पुढे एका कृषी अधिकाऱ्याने समजावून दिले तेव्हा कळले की त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. कोरड्या, तापलेल्या मातीवर पहिले पाणी पडताच ती ३० अंशांच्या आसपास येते, ओल मिळते आणि उरलेले जिवाणू मेलेल्यांच्या अवशेषांवर झपाट्याने वाढतात. काही दिवसांत अमोनिया व नायट्रेट यांचा लोंढाच सुटतो. पूर्व आफ्रिकेत केनियामध्ये काम करणाऱ्या बर्च या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला व आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. माती जितकी अधिक काळ व अधिक कडक वाळलेली, तितका हा लोंढा मोठा, असे त्याला दिसून आले. वऱ्हाडच्या मातीहून अधिक कडक वाळणारी माती फार ठिकाणी नसेल.

म्हणजे सालाबादचा नायट्रेटचा सर्वांत मोठा साठा मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांच्या दरम्यान तयार होतो. दुर्दैव असे की नेमक्या त्याच वेळी शेतात मुळे नसतात. पेरणी झाली असली तरी कपाशीच्या रोपास त्या वयात नत्राची गरज नाममात्र असते. तिची खरी भूक पाते आणि फुले लागताना, जुलैच्या उत्तरार्धापासून पुढे लागते. तोपर्यंत साठ्याला तीन वाटा फुटलेल्या असतात. काही भाग तणे खातात. काही भाग पाण्याबरोबर खाली उतरतो. भेगा मिटण्यापूर्वीच मोठा पाऊस झाला तर त्या भेगाच पाटासारख्या उपयोगी पडतात. आणि भेगा मिटून पाणी शेतात साचून राहिले तर वेगळेच जिवाणू हवेअभावी नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व नत्र वायुरूपाने उडून जाते. ही शेवटची क्रियादेखील उष्णतेने वेग घेते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे पाणी मातीत मुरता मुरत नाही, तेथे या वाटेने होणारी हानी विशेष समजावी. उडून जाणाऱ्या वायूंपैकी नायट्रस ऑक्साइड हा हवा तापविण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

वऱ्हाडातील धूळपेरणीची जुनी चाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पावसाच्या अंदाजाने कोरड्या मातीतच बी टाकून ठेवावयाचे म्हणजे पहिल्या पाण्याबरोबर ते उगवते आणि त्याची मुळे त्या लोंढ्यात वाढू लागतात. हे साधले तर पीक पहिल्यापासून जोमदार दिसते. न साधले, म्हणजे पहिल्या सरीनंतर पाऊस ओढला, तर दुबार पेरणीचा खर्च शेतकऱ्याच्या बोकांडी बसतो. त्यातच २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार केला त्यानंतर कपाशीची हंगामपूर्व लागवड करू नये असा कृषी खात्याचा आग्रह राहिला आहे आणि तो योग्यच आहे. केवळ नत्राच्या लोभाने कपाशीची धूळपेरणी करा, असे सांगता येणार नाही. परंतु पाऊस झाल्यावर पेरणीस विनाकारण आठवडाभर उशीर करणे हेही फुकटचे नत्र घालविणे आहे. कपाशीच्या ओळींमध्ये मूग किंवा उडीद यांसारखे लवकर वाढणारे आंतरपीक घेतले तर त्याची मुळे मोकळ्या जागेतील नायट्रेट उचलतात. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी केल्यास साचणाऱ्या पाण्याचा निचरा होतो व नत्र उडून जाण्याची वाट बऱ्याच अंशी बंद होते.

पोत्यातील नत्र

जमिनीने स्वतः बनविलेल्या नत्राची ही कथा. पोत्यातून आणलेल्या नत्राची तिच्याहून निराळी नाही. युरिया मातीत पडला की उष्ण व ओल्या जमिनीत काही दिवसांतच त्याचा अमोनिया होतो आणि ३० अंशांच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत त्यातील बहुतेकांचे नायट्रेट. आपल्या चुनखडीयुक्त जमिनी अल्कधर्मी आहेत. त्यांवर भर उन्हात युरिया नुसता भुरभुरला तर अमोनिया नायट्रेट होण्याआधीच हवेत उडतो. खत मातीआड झाले पाहिजे, या सल्ल्यामागे हे कारण आहे. डवरणीच्या आधी खत देऊन लगेच डवरा फिरविणारा शेतकरी आपले नत्र वाचवितो, मग त्याला त्यामागील रसायनशास्त्र ठाऊक असो वा नसो.

पेरणीच्या वेळीच सर्व युरिया देऊन मोकळे होण्याची प्रवृत्ती अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. मजूर मिळत नाहीत, पुन्हा खत मिळेल याची शाश्वती वाटत नाही, ही कारणे खोटी नाहीत. तथापि थंड देशात एकदा दिलेले खत जितके दिवस अमोनियाच्या रूपात टिकते तितके ते येथे टिकत नाही. कपाशीस नत्र दोन-तीन हप्त्यांत आणि ओलिताच्या गव्हास अर्धे पेरणीच्या वेळी व उरलेले सुमारे तीन आठवड्यांनी, पहिल्या महत्त्वाच्या पाण्याच्या वेळी द्यावे, ही शिफारस वऱ्हाडच्या उष्णतेशी सुसंगत आहे. २०१५ पासून देशात विकला जाणारा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. निंबोळीतील द्रव्ये नायट्रेट बनविणाऱ्या जिवाणूंना काही काळ रोखून धरतात. ही सवलत काही आठवड्यांचीच असल्यामुळे लेप आहे म्हणून हप्ते पाडण्याची गरज नाही, असे कोणी समजू नये.

माती परीक्षणाविषयी एक खुलासा येथे आवश्यक आहे. मृद आरोग्य पत्रिकेवर ‘उपलब्ध नत्र’ म्हणून जो आकडा असतो तो बहुधा परमँगनेट पद्धतीने काढलेला किंवा सेंद्रिय कर्बावरून अनुमानलेला असतो. परमँगनेट पद्धतीत सेंद्रिय पदार्थांतून सहज मोकळे होऊ शकणारे नत्र मोजले जाते. तयार नायट्रेट तीत धरले जात नाही. तेव्हा तो आकडा जमिनीची ऐपत सांगतो, त्या दिवशीची रोकड नव्हे. पत्रिका वाचून दाखविणाऱ्या ग्रामसेवकाने वा कृषी सहायकाने हा भेद शेतकऱ्यास सांगितल्यास अनेक गैरसमज टळतील.

विहिरीपर्यंतची वाट

शेतातून निसटलेले नायट्रेट कोठे तरी जातेच. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, अशी भारतीय मानक संस्थेची मर्यादा आहे. एक किलो नत्राचे सुमारे ४.४ किलो नायट्रेट होते. तेवढे नायट्रेट सुमारे ९८ हजार लिटर शुद्ध पाणी या मर्यादेपर्यंत आणण्यास पुरेसे असते. युरियाच्या एका पोत्यातील नत्राचा पाचवा भाग जरी खाली झिरपला तरी चार लाख लिटर पाण्याचा प्रश्न निर्माण होतो. हा केवळ गणिताचा हिशेब आहे, प्रत्यक्षात वाटेत पुष्कळ घटबढ होते. पण एवढ्याशा पोत्याची पोच किती दूरवर असते हे त्यावरून कळावे.

केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातील १५ हजारांहून अधिक ठिकाणच्या भूजलाची तपासणी नोंदविली. सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक होते. ज्या १५ जिल्ह्यांत हा दोष विशेष आढळला त्यांत अमरावतीचे नाव आहे. बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा या शेजारच्या जिल्ह्यांचीही आहेत. मंडळाने काही ठरावीक ठिकाणचे पाणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोनदा तपासले. दोषी नमुन्यांचे प्रमाण पहिल्या वेळी सुमारे ३१ टक्के होते, दुसऱ्या वेळी ते ३३ टक्क्यांजवळ गेले. नव्या पाण्याने विहिरी भरल्यावर दोष सौम्य व्हावा अशी आपली अपेक्षा. घडते ते उलट. पावसाने केवळ पाणी आणले नाही, उन्हाळ्यात वरच्या थरांत साचलेले नायट्रेटही सोबत आणले, असा याचा अर्थ लावता येतो.

दोष सर्वस्वी रासायनिक खताच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. गावाला लागून असलेले उकिरडे, गोठ्यांचे मूत्र आणि शोषखड्डे यांचा वाटाही मोठा आहे. आपल्या पूर्वजांनी शेतजमिनीस ‘काळी’ आणि गावठाणास ‘पांढरी’ म्हटले. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण व मूत्र मुरलेली पांढरीची माती शेतात नेऊन टाकण्याची चाल होती, कारण तीत नायट्रेटाचा साठा असे. बिहारमध्ये अशाच गावठाणाच्या मातीतून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढला जात असे. जो साठा शेतात खत ठरतो तोच गावच्या आडाशेजारी पडला की दोष ठरतो. उघडा उकिरडा उन्हाळ्यात अमोनिया हवेत घालवितो आणि पहिल्या पावसात नायट्रेट विहिरीत. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या टाक्यात, मातीने लिंपून कंपोस्ट करण्याची जी ‘नाडेप’ पद्धत बसविली तिचा फायदा दोन्ही अंगांनी आहे.

अशा पाण्याचा खरा धोका सहा महिन्यांच्या आतील, वरचे दूध पाण्यात मिसळून घेणाऱ्या बालकांस असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. अंग निळसर पडते. अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ मध्ये विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा संबंध प्रथम दाखविला गेला. येथे एक गैरसमज तातडीने दूर करावयास हवा. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने वा जंतुनाशक पावडरीनेही ते निघत नाही. ज्या विहिरीत मर्यादा ओलांडलेली आढळेल तिचे पाणी तान्ह्या मुलांसाठी वापरू नये व त्यांच्यासाठी दुसऱ्या, तपासलेल्या उद्भवाची सोय पंचायतीने करावी, हाच तूर्त व्यवहार्य उपाय. वर्षातून एकदा, तेही सोयीच्या महिन्यात, नमुना पाठवून समाधान मानू नये. एक नमुना मे महिन्यात व दुसरा पावसाळा संपताच ऑक्टोबरात घ्यावा आणि दोन्ही आकडे पंचायतीच्या फलकावर शेजारी शेजारी लिहावेत. जलजीवन मिशनखाली गावोगाव महिलांना ज्या तपासणी संचांचे शिक्षण देण्यात आले, त्यांत नायट्रेटची तपासणी समाविष्ट आहे.

शाळेतील एक प्रयोग

शिक्षकांना हा सर्व भाग विद्यार्थ्यांपुढे प्रत्यक्ष मांडता येईल. शेतातील माती चाळून तिचे तीन सारखे भाग करावेत. प्रत्येकात चिमूटभर युरिया मिसळावा. दोन भाग मुठीत दाबल्यास गोळा होईल पण पाणी सुटणार नाही, इतपत ओले करावेत. तिसरा कोरडाच ठेवावा. तिन्ही काचेच्या बरण्यांत भरून तोंडावर सैल कापड बांधावे. ओल्या मातीची एक बरणी शीतपेटीत, दुसरी वर्गाच्या कोपऱ्यात आणि कोरडी बरणी तिच्या शेजारी ठेवावी. ओलीच्या बरण्यांचे वजन दर दोन दिवसांनी पाहून घटलेले पाणी भरून काढावे व वर्गातील तापमान रोज फळ्यावर नोंदवावे. तीन आठवड्यांनी प्रत्येक बरणीतील सारखी माती सारख्या ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळावी. काळ्या मातीचा गढूळपणा लवकर बसत नाही, त्यासाठी तुरटीचा खडा फिरवावा आणि वरचे निवळ पाणी तपासणी संचाने पाहावे. शीतपेटीतील व कोरड्या बरणीचा रंग फिका निघेल. वर्गातील ओल्या बरणीचा गडद. सप्टेंबरात एकदा आणि जानेवारीत पुन्हा हा प्रयोग केला तर वर्गातील बरणीचे दोन रंगही एकसारखे येणार नाहीत. ते का, हे मुलांनी फळ्यावरील तापमानाच्या नोंदी पाहून स्वतःच सांगावे.